पडद्यावरचा इन्साफ

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात नेहमीप्रमाणे गर्दी होती. दोन बहिणी, त्यांची मुले, शेजारचे दोघे-तिघे. शीरखुर्म्याचे पातेले केव्हाच रिकामे झाले होते, बिर्याणी दमावर होती आणि पुढच्या खोलीत टीव्हीवर 'सिम्बा' लागला होता. हा चित्रपट मुलांना पाठ आहे. तरीही शेवटाकडचा तो प्रसंग आला तशी सगळी सरसावून बसली. बलात्कार आणि खून करून मोकळे फिरणाऱ्या दोन भावांना इन्स्पेक्टर पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतो आणि नंतर त्यांनीच हल्ला केल्याचा देखावा उभा केला जातो. मुलांनी टाळ्या पिटल्या. बहिणीने 'अस्संच पाहिजे' म्हटले. खरे सांगायचे तर आम्हालाही बरे वाटले. अम्मा तेवढी तसबीह हातात धरून पाहत होती. तिने विचारले, "का रे, त्यांच्याकडे कोर्टकचेरी बंद झाली का?"

सगळे हसले. आमचा नववीतला भाचा म्हणाला, "दादी, कोर्टात नेलं असतं तर पिक्चर संपलाच नसता."

या उत्तरावरही हशा झाला. पण वाचकहो, त्या पोराने जे म्हटले ते आमच्या डोक्यातून काही जाईना. कोर्टात नेले तर गोष्ट संपत नाही, गोळी घातली की संपते. चित्रपटाचे हे गणित आपण इतकी वर्षे पाहत आलो की ते चित्रपटाचे आहे हेच विसरलो. वर्तमानपत्रातली बातमी वाचतानाही आपण त्याच गणिताने उत्तर काढतो. या महिन्यात त्यावरच लिहावे असे ठरवले. चित्रपट पाहू नका असे सांगण्याचा विचार नाही. आम्ही स्वतः पाहतो आणि पुढेही पाहू.

गुन्ह्याच्या चित्रपटात एक मोठी सोय असते. गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडतो. कोणी सुरा चालवला, कोणी गाडी अंगावर घातली, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात ठाऊक झालेले असते. त्यामुळे पुढे कोर्टात आरोपीचा वकील उभा राहिला की तो लबाडच वाटतो. न्यायाधीशाने पुरावा मागितला की चीड येते. साक्षीदार, पंचनामा, उलटतपासणी हे सगळे इन्साफाच्या वाटेत टाकलेले धोंडे वाटू लागतात. आणि का वाटू नयेत? आपल्याला सगळे आधीच माहीत असते ना!

खऱ्या आयुष्यात मात्र असा कॅमेरा कुणासाठीच लावलेला नसतो. कोर्ट नावाची गोष्ट माणसाने काढली ती नेमकी यासाठी, की कोणी काय केले हे आपल्याला आधी माहीत नसते.

हे हिंदी चित्रपटाला कळत नव्हते असे नाही. बी. आर. चोप्रांचा 'कानून' १९६० सालचा. एकही गाणे नाही, त्या काळात केवढे धाडस! त्यात राजेंद्रकुमार सरकारी वकील आहे. एका सावकाराचा खून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि खुनी असतो त्याचा होणारा सासरा, म्हणजे अशोककुमारने रंगवलेला न्यायाधीश. खटला चालतो तो मात्र एका भुरट्या चोरावर. नाना पळशीकरांनी तो चोर असा उभा केला आहे की आजही पाहावा. प्रेक्षकानेही खून पाहिला आहे. वकिलाला शंका नाही, प्रेक्षकाला शंका नाही. आणि शेवटी कळते की तो न्यायाधीश नव्हताच, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसराच माणूस होता. डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा खोटे ठरू शकते, मग साक्षीवरून एखाद्याचा जीव कसा घ्यायचा, असा त्या चित्रपटाचा सवाल. आता शेवट अगदीच जुळवून आणलेला आहे हे आम्ही मान्य करतो. पण प्रेक्षकाच्या खात्रीचीच फजिती करणारा असा चित्रपट आज कोणी काढेल असे वाटत नाही.

अम्माच्या पिढीला कोर्टाबद्दल जो आदर आहे त्याचे मूळ चित्रपटात नाही, हेही खरे. लहानपणी तिने आम्हाला हजरत अली (रजि.) आणि काझी शुरैह यांची कथा सांगितली होती. ती बहुतेक घरांत सांगितली जाते. खलिफांचे हरवलेले चिलखत एका दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे सापडते, प्रकरण काझींसमोर जाते. काझी साक्षीदार मागतात. खलिफा आपल्या मुलाचे नाव घेतात. बापाच्या बाजूने मुलाची साक्ष चालणार नाही, असे काझी म्हणतात आणि निकाल खलिफांच्या विरोधात जातो. चिलखत कोणाचे हे खलिफांना पक्के माहीत होते. काझींनाही खलिफांच्या शब्दावर अविश्वास नसावा. तरीही पुरावा नाही म्हणजे नाही. लहानपणी या कथेत आम्हाला खलिफांचा मोठेपणा दिसायचा. आता काझींचा जास्त दिसतो.

असो. चित्रपटांकडे येऊ.

आमच्या लहानपणी उरुसाच्या दिवसांत गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. जमिनीवर बसून 'जंजीर' आणि 'दीवार' आम्ही तिथेच पाहिले, शहरात येऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी. रीळ तुटले की शिट्ट्या. 'दीवार'मध्ये गोदीतले रहीमचाचा विजयला त्याच्या बिल्ल्यावरच्या ७८६ या आकड्याचे महत्त्व सांगतात, त्या ठिकाणी आमच्या मोहल्ल्याची मंडळी जो गलका करायची तो अजून कानात आहे. 'जंजीर' १९७३ चा आणि 'दीवार' जानेवारी १९७५ चा. मधल्या वर्षांत महागाई होती, टंचाई होती, १९७४ चा रेल्वे संप झाला आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. लोक चिडलेले होते आणि सलीम-जावेद यांनी त्या चिडीला एक चेहरा दिला. म्हणजे चित्रपटाने समाजाला बिघडवले असे नव्हे. समाज आधीच वैतागला होता, चित्रपट त्याच्यामागून आला.

'दीवार' म्हटला की लोकांना दोन भावांमधला तो पुलाखालचा प्रसंग आठवतो. आम्हाला मात्र पावाचा प्रसंग मोठा वाटतो. पोलीस झालेला धाकटा भाऊ रवी एका पळणाऱ्या चोराच्या पायावर गोळी झाडतो. जवळ जाऊन पाहतो तर पोरगा आणि चोरलेला माल म्हणजे पाव. रवी खाण्याचे घेऊन त्या पोराच्या घरी जातो. आई त्याच्यावर तुटून पडते, मोठ्या चोरांना कोणी हात लावत नाही आणि माझ्या लेकराला गोळी घालता म्हणते. पोराचा बाप निवृत्त शिक्षक, ए. के. हंगल. तो बायकोला गप्प करतो. चोरी ती चोरी, लहान काय नि मोठी काय, असे त्याचे म्हणणे. ते ऐकून रवी स्वतःच्या भावाची फाईल हातात घेतो. चार-पाच मिनिटांचा प्रसंग. आई बरोबर आहे आणि बापही बरोबर आहे आणि गोळी झाडणारा मान खाली घालून उभा आहे. ज्या चित्रपटाला आपण मारामारीचा म्हणतो त्यात एवढे होते. पडद्यावर गोळी झाडल्यानंतर पोलिसाला जखमी माणसाच्या घरी जावेसे वाटले, हे आता किती वर्षांत पाहिले नाही!

१९८३ मध्ये 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांची मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, पण वरचे त्याला काम करू देत नाहीत आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी त्याच्यासमोर हसत बसतो. हा सगळा राग वेलणकर काढतो कुणावर? कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर. दारूच्या नशेत त्याला इतके मारतो की तो मरतो. चांगल्या पोलिसाच्या रागाने मरतो तो रामा शेट्टी नव्हे, तर ज्याला वाचवायला कोणी नाही असा माणूस. रामा शेट्टीचा नंबर लागतो तो अगदी शेवटी आणि त्याला मारल्यावर वेलणकर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो. म्हणजे मारणारा मारल्याची किंमत मोजतो. आमच्या मते गुन्ह्याच्या हिंदी चित्रपटांत इथे एक वळण होते आणि पुढच्या चित्रपटांनी ते घेतले नाही. वेलणकरचा राग त्यांनी उचलला आणि कोठडीतला तो मेलेला चोर मागेच सोडून दिला.

कारण बाहेरही तसेच घडत होते. मुंबईत 'एन्काऊंटर' हा शब्द घरोघरी पोहोचला तो ऐंशी आणि नव्वदच्या दशकात. १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या, तो शहरातला पहिला एन्काऊंटर मानतात. पुढे १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली आणि त्यांच्या खरेखोटेपणाबद्दल पीयूसीएल ही संघटना न्यायालयात गेली. त्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवावा, तपास त्या पथकाने न करता सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, लगेच शौर्यपदके देऊ नयेत, असे नियम घालून दिले. सतरा-अठरा वर्षे गेली या निकालाला. दरम्यान 'अब तक छप्पन' (२००४) येऊन गेला होता. छप्पन हा आकडा नायकाने मारलेल्या माणसांचा! नाना पाटेकरांनी काम अप्रतिम केले आहे, चित्रपटही चांगलाच आहे, पण आकडा नावातच आला आणि लोकांनी तो धावफलकासारखा वाचला. वर्तमानपत्रांतही तेव्हा अधिकाऱ्यांचे असेच आकडे छापून येत.

लोक टाळ्या का वाजवतात याचे कारण समजून न घेता त्यांना नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. आमच्या वडिलांनी सामाईक विहिरीच्या पाण्यासाठी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला होता. वडील गेले, समोरचा गृहस्थ गेला, विहीर आटली आणि मग निकाल लागला. 'दामिनी'मधला (१९९३) तारखांवरचा सनी देओलचा संवाद ज्या देशात शाळकरी पोरांनाही पाठ आहे, त्या देशात लोकांचा कोर्टावर राग का, हे विचारायला नको. ज्या बाईवर अत्याचार झाला तिने वर्षानुवर्षे खेटे घालायचे, तिच्याच चारित्र्यावर प्रश्न ऐकायचे आणि आरोपी जामिनावर गल्लीत फिरताना पाहायचा. अशा बाईला किंवा तिच्या बापाला 'कायद्यावर विश्वास ठेवा' असे सांगायची आमची जीभ रेटत नाही.

पण याच ठिकाणी हैदराबादची गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस तिथे एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिला ठार मारले गेले. चौघांना अटक झाली. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्यांना घटनास्थळी नेले आणि चौघेही गोळीबारात मेले. त्यांनी पिस्तुले हिसकावली, असे पोलीस म्हणाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. 'सिम्बा' येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. चित्रपट पाहून हे घडले असे आम्ही म्हणत नाही, ते कोणी सिद्धही करू शकणार नाही. पण पडद्यावरचा प्रसंग आणि तो पहाटेचा प्रसंग यांत फरक काय होता, असे कोणी विचारले तर पटकन सांगता यायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये अहवाल खुला झाला. पोलिसांची हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, चौघांवर जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे त्यात आहे. आणखी एक गोष्ट आहे. त्या चौघांपैकी तिघे अठरा वर्षांखालचे होते, असे आयोगाला आढळले. फुले उधळणाऱ्यांना हे माहीत नव्हते. माहीत करून घेण्यासाठी जो वेळ लागतो त्यालाच खटला म्हणतात. आणि ती डॉक्टर मुलगी? तिच्यावरचा गुन्हा कोणी केला हे आता कोणत्याच कोर्टात कधी सिद्ध होणार नाही.

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल पोलीस सुधारणांवरच्या एका कार्यक्रमात 'सिंघम'विषयी बोलले होते. शेवटी सगळे पोलीस मिळून त्या पुढाऱ्यावर तुटून पडतात आणि न्याय झाला असे दाखवतात, पण खरेच झाला का, असा त्यांचा रोख होता. असल्या चित्रपटांतला संदेश धोकादायक आहे, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या नाक्यावर बातमीचे वाचन झाले आणि बहुमत सिंघमच्या बाजूने पडले. त्यात आमचे जे दोस्त होते त्यांच्यापैकी एकाचा मेहुणा संशयावरून चौकशीसाठी नेला होता आणि तीन दिवस घरी आला नव्हता, ही गोष्ट फार जुनी नव्हती. त्यांना ती आठवली नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

आपल्या घरांत हे चित्रपट पाहताना एक गोष्ट आणखी असते. ती आपण बोलत नाही, मुले मात्र टिपतात. पूर्वी पडद्यावर मुसलमान असायचा तो 'जंजीर'चा शेरखान, 'शोले'चे इमामसाहेब. थोडे साच्यातलेच, पण आपले वाटायचे. नव्वदनंतर गँगस्टर आला, मग दहशतवादी आला. त्याच्याशेजारी तोल सांभाळायला एक देशभक्त मुसलमान इन्स्पेक्टरही ठेवला जाऊ लागला. 'सरफरोश'मधला (१९९९) सलीम निदान आपल्यावर अविश्वास का, असे साहेबाला तोंडावर विचारतो तरी. हल्लीच्या चित्रपटांत तेवढेही नसते. सुरमा, टोपी, अजानचा आवाज आणि मागे घाबरवणारे संगीत. परिणाम असा होतो की पोलिसाने दार लाथेने उघडले की दाराच्या आत कोण आहे हे प्रेक्षकाने आधीच ठरवलेले असते. आपली मुलेही त्याच प्रेक्षकांत बसलेली असतात आणि टाळ्या वाजवतात.

मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमान. पकडले गेले तेही नऊ मुसलमान. बातम्यांत त्यांची छायाचित्रे आली तेव्हा आमच्यासकट कितीजणांनी मनात म्हटले असेल की पोलिसांनी पकडले म्हणजे काहीतरी असेलच. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. नवांतला एक जण ते ऐकायला हयात नव्हता. २००६ च्याच जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती आली आहे, तेव्हा त्यावर शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण उच्च न्यायालयाचा निकाल धरला तर त्या बारांची एकोणीस वर्षे गेली, आणि ज्यांची माणसे लोकलमध्ये मेली त्यांच्या हातीही काही आले नाही. एन्काऊंटरच्या चित्रपटाच्या नियमाने गोष्ट २००६ मध्येच संपवली असती तर हे कोणाला कळलेच नसते.

या संदर्भात 'ब्लॅक फ्रायडे'ची हकीकत सांगण्यासारखी आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांवर अनुराग कश्यप यांनी काढलेला हा चित्रपट, एस. हुसैन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेला. तयार झाला २००४ मध्ये. प्रदर्शन तोंडावर आले असताना खटल्यातले आरोपी न्यायालयात गेले. टाडा न्यायालयाचा निकाल अजून लागलेला नाही आणि त्याआधी पडद्यावर आम्हाला गुन्हेगार म्हणून दाखवले तर निकालावर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे. उच्च न्यायालयाने ते मानले. चित्रपट डब्यात पडून राहिला आणि ९ फेब्रुवारी २००७ ला, टाडा न्यायालयाचे निकाल येऊ लागल्यानंतर, लोकांसमोर आला. २५७ माणसांचे बळी घेणाऱ्या गुन्ह्यातल्या आरोपींचा हा हक्क कोर्टाने जपला, ही लहान गोष्ट नव्हे. गंमत अशी की तो चित्रपट आरोपींवर अन्याय करणारा नव्हताच. कोठडीतली मारहाण, घरच्या बायकांना ठाण्यात आणून बसवणे, स्फोटांच्या आधीच्या दंगली, हे सगळे त्यात आहे. दंगलींसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्याचे पुढे काय झाले हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. स्फोटांना विशेष न्यायालय मिळाले, दंगलींना अहवाल मिळाला.

ईदनंतरच्या रविवारी आम्ही भाच्याला 'शाहिद' दाखवला. तो तयार नव्हता. "मामू, त्यात फायटिंग आहे का?" आहे म्हटले, कोर्टातली. कुर्ल्याचे वकील शाहिद आझमी यांच्यावरचा हा हंसल मेहतांचा चित्रपट. स्वतः तुरुंगात राहून आलेला, तिथे शिकलेला आणि पुढे दहशतवादाच्या खटल्यांत गरीब आरोपींची बाजू मांडणारा हा माणूस ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या कार्यालयातच गोळ्या घालून मारला गेला. वय ३२. चित्रपटातली कोर्टाची खोली पाहून भाचा म्हणाला, "एवढीशी?" मोठे खांब नाहीत, हातोडा नाही, लांबलचक भाषण नाही. फायलींचे ढिगारे, घामट शर्ट, एकमेकांवर खेकसणारे वकील. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीवर आरोप होता की मुंबईचा नकाशा त्याने पुरवला आणि तो नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला. शाहिदचा मुद्दा साधा होता. त्या माणसाचे कपडे रक्ताने भिजले होते, मग खिशातल्या नकाशावर डाग कसा नाही? भाचा उठून बसला. पुढे मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फहीमला निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ते टिकले. शाहिद मात्र तो निकाल ऐकायला नव्हता. कसाबला फाशी झाली ती याच खटल्यात. एकाच कोर्टाने दोषी कोण आणि निर्दोष कोण हे वेगळे करून दाखवले. गोळीला हे जमत नाही.

मराठीतला 'कोर्ट' मात्र त्याने अर्ध्यावर सोडला. चैतन्य ताम्हणेंचा हा चित्रपट आहेच तसा. एका लोकशाहिरावर आरोप की त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदारांनी तो शाहीर केला आहे. खटला इतक्या सावकाश चालतो की पाहणाऱ्याने उठून चहा टाकून यावे. न्यायाधीश बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईचे प्रकरण ऐकायलाच नकार देतात. मग कामगाराची बायको साक्षीला येते आणि शांतपणे सांगते, नवरा वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचा, एक डोळा गेला होता, अंगावर सुरक्षेचे काही नसायचे. सगळा खटला त्या चार वाक्यांत निकालात निघतो, पण शाहिरामागचा ससेमिरा काही सुटत नाही. कोर्टाचा महिमा गाणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा, म्हणजे आमच्या वरच्या लिखाणाचाही तोल राहील.

आता जी गोष्ट सांगायची ती टाळता आली असती तर बरे झाले असते. गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरीच्या फुफीचा मोबाईल गेला. महागातला होता. वाढप्यांमध्ये एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता, फाटका, नव्याने आलेला. त्याला बायकांच्या खोलीजवळ पाहिल्याचे कोणीतरी सांगितले. मंडपामागे नेऊन पाच-सात पोरांनी त्याला धरले. एकाने बेल्ट काढला. आमचा भाचा मोबाईलवर चित्रण करत होता. कोणीतरी 'सिंघम' म्हणून ओरडले आणि हशा पिकला. आम्ही तिथून वीस पावलांवर खुर्चीवर बसलो होतो. आवाज येत होता. पोरे आहेत, चोराला दोन चापट्या देताहेत, असे वाटून आम्ही उठलो नाही.

फोन रात्री सापडला, फुफीच्याच मुलाच्या गाडीत, सीटखाली. तोवर तो वाढपी न जेवता निघून गेला होता.

'शाहिद' संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, त्या पोराला कोणी विचारलंच नाही." चार दिवसांनी केटरिंगवाल्याकडून पत्ता काढून आम्ही दोघे गेलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची खोली. मुलगा कामावर गेला होता, आई होती. आम्ही काय सांगायला आलो ते तिला नीट कळेपर्यंत तिने चहा टाकला होता. कळल्यावर ती एवढेच म्हणाली, की पोरगा त्या दिवसापासून लग्नाच्या कामाला जात नाही, विटा वाहतो, आणि तिला वाटले होते आळशी झाला. चहा आम्ही प्यालो. भाच्याला गळ्याखाली उतरत नव्हता, पण प्यायला.

त्याने आपल्या फोनमधले ते चित्रण तिच्यासमोर काढून टाकले. पण तेव्हा त्याने ते तिघांना पाठवले होते. परवा जुम्म्याच्या दिवशी सांगलीच्या एका पाहुण्यांकडून आमच्याच फोनवर ते आले. खाली लिहिले होते, 'लग्नात चोर पकडला. पोरांनी जागेवरच इन्साफ केला.'